५जी आणि गावचा दवाखाना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि ‘आता खेड्यातल्या रुग्णाला शहरातला डॉक्टर मिळणार’ असे सर्रास बोलले जाऊ लागले. प्रत्यक्षात तो डॉक्टर आधीपासूनच मिळू लागला होता. केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावर दहा कोटी सल्ले दिले गेले होते, आणि तेव्हा ५जीला जेमतेम चार-पाच महिने झाले होते.

या सल्ल्याची पद्धत साधी आहे. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाचा रक्तदाब आणि साखर तपासून नोंद करतो व व्हिडिओवर डॉक्टरला जोडून देतो. डॉक्टरने पाठवलेल्या चिठ्ठीप्रमाणे औषध तिथल्याच साठ्यातून मिळते. एवढ्या संभाषणाला बरे ४जी पुरते. ईसीजीची फाइल तर इतकी लहान असते की मंद नेटवर्कवरूनही ती हृदयरोगतज्ज्ञापर्यंत पोचते. सल्ला अडतो तो बहुधा वेगळ्याच कारणांनी: पलीकडे डॉक्टर मोकळा नसतो, कपाटात औषध नसते किंवा वीज गेलेली असते.

व्हिडिओवर डॉक्टर काहीही लिहून देऊ शकतो, हाही गैरसमजच. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही औषधे पहिल्या सल्ल्यात फक्त व्हिडिओवरच देता येतात, तर अमली पदार्थांच्या वर्गातली औषधे दुरून लिहून देताच येत नाहीत.

दूरस्थ शस्त्रक्रियेचे कौतुक सर्वांत जास्त होते आणि खेड्याशी तिचा संबंध सर्वांत कमी. ७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमधील सर्जनांनी फ्रान्समधील स्ट्रासबूर्गच्या एका रुग्णाचे पित्ताशय रोबोटच्या साहाय्याने काढले. जोडणी होती ऑप्टिकल फायबरची. अशा वेळी भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि रोबोट बंद पडला तर हाताने शस्त्रक्रिया पुरी करणारा सर्जन रुग्णापाशीच लागतो. ही सगळी माणसे तालुक्याच्या रुग्णालयात असतील, तर रोबोटची गरजच काय? शिवाय ५जी बिनतारी असते ते टॉवरपासून फोनपर्यंतच. टॉवरच्या मागे बहुधा फायबर लागते, आणि वीज तर लागतेच.

तरी ५जीचे खरे काम आहेच. सीटी स्कॅनच्या शेकडो एमबींच्या फाइली, चालत्या रुग्णवाहिकेतून अखंड व्हिडिओ, फायबर न पोचलेल्या रुग्णालयाला बिनतारी ब्रॉडबँड, यांसाठी ते उपयोगी पडते. क्षयरोग शोधणाऱ्या एआयला मात्र ते लागेलच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींसाठी शिफारस केलेल्या या प्रकारच्या प्रणालींपैकी काही, छातीचा एक्स-रे इंटरनेटशिवाय लॅपटॉपवरच वाचतात.

नेटवर्क पोचले म्हणजे सेवा पोचली, हा हिशेबही चुकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत स्वतः वापरण्याजोगा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्के आणि कधी तरी इंटरनेट वापरलेल्या फक्त ३३ टक्के होत्या. म्हणूनच ‘किलकारी’सारखी योजना इंटरनेट मागतच नाही. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक, असे ७२ ध्वनिसंदेश साध्या फोनवर येतात. २०१६ मध्ये सुरू झालेली ही योजना महाराष्ट्रात २०२४ मध्ये आली. नोंदवलेला नंबर नवऱ्याचा असला आणि तो कामावर गेलेला असला, की हा संदेशही भलत्याच कानी पडतो.

राहिली लहरींची भीती. कोरोनाची लाट ५जीच्या चाचण्यांमुळे आली ही अफवा मे २०२१ मध्ये इतकी फैलावली की दूरसंचार विभागाला खुलासा करावा लागला. देशात तेव्हा या चाचण्या सुरूच झालेल्या नव्हत्या. मोबाइलच्या लहरींत अणूमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी ऊर्जा नसते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये त्यांना ‘२बी’, म्हणजे ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात टाकले, ते पुरावा मर्यादित असल्यामुळे. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात आहे.