बोटीतून उतरलेला ताप

आफ्रिका आणि मादागास्कर यांच्या मधल्या समुद्रात मायोत हे फ्रान्सच्या ताब्यातलं बेट आहे. २०१८-१९ मध्ये तिथं रिफ्ट व्हॅली तापाची साथ आली आणि शंभराहून अधिक माणसांना लागण झाली. विषाणू डासांमार्फत पसरतो, पण समुद्र ओलांडतो तो बहुधा बोटीतून चोरून आणलेल्या जनावरांच्या रक्तातून. पुढचं काम पावसाळ्यातले डास करतात. गोठ्यात गाभण गाई, शेळ्या पाठोपाठ गाभडू लागतात, करडं दगावतात. पडलेला गाभ आणि वार उघड्या हातांनी उचलणाऱ्या गुराख्याला डास न चावताही लागण होते. मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. निदान हातमोजे तरी त्याला मिळायलाच हवेत.