बार्शी लाइट : धाकट्या रुळांची मोठी कामगिरी

बार्शी, पंढरपूर, सांगोला, लातूर या भागातील जुन्या माणसांना ‘बार्शी लाइट’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. नव्या पिढीने मात्र ही गाडी पाहिलेली नाही. आज त्या वाटेवर मोठे रूळ आहेत आणि धाकटे रूळ केव्हाच उखडले गेले. म्हणून या गाडीची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बार्शी ही जुनी व्यापारी पेठ. पण मुंबईहून मद्रासकडे जाणारा लोहमार्ग पडला तो बार्शीला बगल देऊन, २१ मैल दूर. पेठेतील माल बैलगाड्यांनी तिथवर न्यायचा, आणि त्या दूरच्या स्थानकाचे नाव काय, तर ‘बार्शी रोड’! आजचे कुर्डुवाडी ते हेच.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर तेव्हा जी.आय.पी. रेल्वेत नोकरीला होता. या बैलगाड्यांच्या रांगांत त्याला रेल्वेचे उत्पन्न दिसले. लोककल्याणासाठी तो धावून आला असे कोणी समजू नये. १८९५ साली कंपनी स्थापन झाली ती इंग्लंडमध्ये, आणि नफाही तिकडेच जाणार होता. पण त्याचा हिशोब पक्का होता. जिथे मोठ्या रेल्वेचा खर्च परवडत नाही, तिथे हलकी रेल्वे टाकावी. मात्र ती खेळण्यातली असू नये.

त्याची युक्ती साधी होती. डबा असो की इंजिन, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. भार अनेक चाकांवर सारखा वाटला की रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात आणि खर्च उतरतो. रुळांमधले अंतर ठेवले अडीच फूट. मोठ्या लाइनचे असते साडेपाच फूट. रूळ होते यार्डाला अवघे ३० पौंड वजनाचे. इंजिनांनाही म्हणूनच जास्त चाके दिलेली. १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. पुढे याच कॅलथ्रॉपने इंग्लंडातील स्टॅफर्डशायरमध्ये तशीच लाइन बांधली. म्हणजे बार्शीचा धडा विलायतेने गिरवला! हा गृहस्थ नंतर विमानातून उडी मारण्याच्या पॅराशूटच्या मागे लागला, पण तो विषय वेगळा.

पुढे लाइन वाढत गेली. १९०६ साली पंढरपूर, १९११ साली निजामाच्या मुलखातील लातूर आणि १९२७ साली मिरज. सारी मिळून २०२ मैल. मुंबई इलाखा आणि हैदराबाद संस्थान या दोन राज्यांतली माणसे आणि माल या धाकट्या रुळांनी एकमेकांना जोडले. लातूरच्या बाजाराला बाहेरचे गिऱ्हाईक मिळाले. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या गाड्यांची गर्दी तर सांगायलाच नको.

या कारभारात खरा घाम कुणाचा गळत होता? लहान डबा मोठ्या रुळावर जात नाही. त्यामुळे कुर्डुवाडीला आणि मिरजेला प्रत्येक पोते लहान वाघिणीतून काढून मोठ्या वाघिणीत भरावे लागे. परत येणाऱ्या मालाचेही तेच. हे काम हमालांच्या पाठीवर चाले. उन्हातान्हात रूळ सांभाळणारे गँगमन, सांधे बदलणारे पॉइंट्समन, इंजिनात कोळसा ओढणारे फायरमन यांच्या जोरावर ही लाइन उभी होती. लाइनच्या इतिहासात कॅलथ्रॉपचे नाव येते, यांचे येत नाही.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने कंपनी ताब्यात घेतली आणि लाइन मध्य रेल्वेत आली. गाडी तशीच संथ चालत राहिली. एस.टी. पुढे निघून गेली, ट्रकने माल ओढून नेला. रुंदीकरणाची मागणी जुनीच होती; काम पुरे व्हायला नवे शतक उजाडले. २००८ पर्यंत लातूर-कुर्डुवाडी आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत पंढरपूर-मिरज मार्ग मोठा झाला. जुनी लाइन उस्मानाबाद शहराला, म्हणजे आजच्या धाराशिवला, लागत नव्हती. येडशीवरूनच ती पुढे जाई. नव्या मार्गाला वळण देऊन ते शहर जोडले, हे योग्यच झाले. धाकट्या गाडीची आठवण गोड असली तरी रुंदीकरणाबद्दल हळहळ करणे आम्हाला पटत नाही.

त्याचे कारण २०१६ सालच्या दुष्काळात दिसले. लातूर शहराचे नळ कोरडे पडले, पाण्यासाठी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. तेव्हा मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेने आणायचे ठरले. वाट तीच : मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. १२ एप्रिलला पहाटे पहिली गाडी पोचली ती दहा वाघिणींची, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. पुढे ५० वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या. एका वाघिणीतले नुसते पाणीच ५० टन भरते. पाच टनांच्या हिशोबात चार आसांचा जुना डबा मालासकट २० टनांच्या पुढे जाऊ शकत नव्हता. शिवाय लातूरच्या वाघिणी राजस्थानातील कोट्याहून थेट मिरजेला आल्या. धाकट्या रुळांवर त्या उतरल्याच नसत्या. लातुरात हे पाणी स्थानकाजवळच्या विहिरीत सोडले जाई, तिथून शुद्धीकरण केंद्राकडे आणि मग टँकरने वस्त्यावस्त्यांत. पाऊस पडेपर्यंत, ऑगस्टपर्यंत, या गाड्या चालू होत्या.