थंडीत डिझेल पिकअप सुरू होत नाही? आधी धूर पाहा, मग गॅरेज गाठा

पहाटे चारची वेळ. माल भरून झालेला, हमाल मजुरी घेऊन गेलेले, आणि गाडी मात्र सेल्फ मारून मारून थकलेली. जुनी डिझेल पिकअप बाळगणाऱ्या आपल्या अनेक व्यापारी बंधूंना थंडीतला हा अनुभव नवा नाही. भाजी, फळे, कोंबडी, मासळी यांचा धंदा वेळेवर चालतो. तासभर उशीर झाला की गिऱ्हाईक जाते आणि भाव पडतो. निफाडसारख्या भागात काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. तिथे तर ही रोजचीच डोकेदुखी होते.

अशा वेळी घाईने गाडी गॅरेजला ओढून नेली की 'पंप काढावा लागेल', 'इंजिन बांधावे लागेल' असे ऐकू येते आणि खिशाला मोठा खड्डा पडतो. प्रत्यक्षात अनेकदा दोष अगदी लहान असतो. म्हणून स्वस्त तपासणी आधी आणि खर्चाची शेवटी, असा क्रम आम्ही येथे देत आहोत. तो साध्या मेकॅनिकल पंपाच्या जुन्या गाड्यांसाठी आहे. सेन्सर आणि कॉम्प्युटर असलेल्या नव्या गाड्यांची गोष्ट वेगळी.

आधी इंजिनाचे काम समजून घेऊ. पेट्रोल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग असतो, डिझेलमध्ये तो नसतो. येथे हवा साधारण १८ ते २२ पट दाबली जाते. त्या दाबाने ती ५०० अंशांहून अधिक तापते आणि तिच्यात नोझलने फवारलेले डिझेल आपोआप पेटते. इंजिन थंड असले की त्याचे लोखंड ही उष्णता शोषून घेते. तेव्हा गाडी सुरू होण्यास तीन गोष्टी लागतात : इंजिन जोरात फिरणे, पुरेशी उष्णता आणि हवा न मिसळलेले डिझेल.

यांपैकी काय कमी पडते, ते सायलेन्सर सांगतो. एकाला सेल्फ मारायला सांगा आणि आपण मागे उभे राहा. धूर मुळीच नसेल, तर डिझेल इंजिनापर्यंत पोहोचत नाही. डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते, पण पेटत नाही. आणि इंजिन रडत-रडत फिरत असेल, तर आधी बॅटरी पाहा.

बॅटरी : थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो आणि त्याच वेळी ऑईल घट्ट होऊन इंजिन जड होते. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे ती निम्मी उतरली. सेल्फ मारताना काटा ९.६ च्या खाली गेला, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जास्त करंट खातो आहे. मात्र नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनल घासून साफ करा आणि इंजिन ते चॅसिस ही अर्थची पट्टी तपासा. सेल्फ मारताना क्लच दाबून ठेवा. गिअरबॉक्सचा भार इंजिनावर येत नाही.

हीटर प्लग : पांढरा धूर येत असेल तर संशय यांच्यावर. गाडीच्या नावात 'डीआय' असेल, तर जुन्या इंजिनात हे प्लग बहुधा नसतात. बॉनेट उघडून खात्री करावी. प्लग असतील तर त्यांना जोडणारी पट्टी सोडवा. १२ व्होल्टच्या टेस्ट लॅम्पची एक तार बॅटरीच्या प्लसला लावा आणि दुसरी एकेका प्लगच्या टोकाला टेकवा. दिवा लागला तर प्लगची तार शाबूत आहे. नाही लागला तर तो प्लग जळाला. सगळे चांगले निघाले, तर चावी फिरवल्यावर पट्टीपर्यंत करंट येतो का ते पाहा. रिले किंवा फ्यूज गेल्यावरही प्लग थंडच राहतात.

डिझेल : धूर नसेल तर सेल्फ मारण्याआधी हँड प्रायमर कडक होईपर्यंत दाबा. त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली, तर रात्रीतून डिझेल टाकीकडे परत उतरते आणि लाईनमध्ये हवा शिरते, असे समजा. एक खूण आणखी. तोंड चढाकडे करून उभी केलेली गाडी जास्त त्रास देते आणि उताराकडे केलेली कमी, तर दोष हाच. कडक झालेले पाईप, सैल क्लिप, दबलेले तांब्याचे वॉशर आणि फिल्टरचे रबर तपासा. बदलून एअर काढली की काम झाले. फिल्टरमधले पाणीही सोडून द्यावे.

एवढे करूनही फरक पडला नाही, तरच नोझल, टायमिंग, टॅपेट आणि कॉम्प्रेशनकडे वळावे. 'रिंगा गेल्या' असे उस्ताद म्हणाले, तर गेज लावून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन आपल्यासमोर मोजायला सांगा. आकडा पाहिल्याशिवाय इंजिन उघडू देऊ नका.

तीन गोष्टी कटाक्षाने टाळा. सलग १५ सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फची कॉईल जळते. एअर फिल्टरपाशी पेटता बोळा धरू नका, आग लागते. आणि हीटर प्लगच्या गाडीत ईथरचा स्प्रे मारू नका. तो वेळेआधी भडकून पिस्टन आणि रिंगा तोडू शकतो. मग लहान दोषाचे मोठे काम होते.

काही जण रोज उतारावर गाडी लावून वेळ मारून नेतात. त्याने दोष जात नाही, लपतो, आणि एखाद्या दिवशी सपाट जागी, माल भरलेला असताना गाठतो. आमचा सल्ला असा की, थंडी पडण्याआधी एक दुपार काढून वरची तपासणी करावी आणि काय बदलले ते तारखेसह वहीत लिहून ठेवावे. ही वही जवळ असली की गॅरेजवाल्याशी बोलणेही हिशेबाने होते.