खाडीचा गाळ जातो कुठे?



नदी समुद्रास मिळते, हे आपण सारे लहानपणीच शिकलो. परंतु नदीबरोबर आलेली मातीही तशीच समुद्रास मिळते, हा जो आपला समज आहे तो पुरता खरा नाही. नदीच्या मुखाशी, म्हणजे आपण जिला खाडी म्हणतो त्या भागात, ही माती पुढे जाते, मागे फिरते, खाली बसते व पुन्हा उठते. पुष्कळदा समुद्रातली मातीही नदीत शिरते. या येण्याजाण्याचा हिशेब कसा मांडतात, आणि तो न मांडता कामे केली म्हणजे काय होते, एवढाच आजचा विषय आहे.

आम्ही इंजिनियर नव्हे. बंदरातल्या कामगारांच्या संघटनेत आमचे आयुष्य गेले. जे थोडे शास्त्र कळते ते रात्री वाचून आणि जाणत्यांना विचारून कळले. पण गाळ उपसणाऱ्या ड्रेजरवरचे लोक आम्हांस एक प्रश्न नेहमी विचारीत आले आहेत: काल उपसला तोच गाळ आपण आज पुन्हा उपसतो की काय? प्रश्न थट्टेचा वाटतो, परंतु त्याच्या उत्तरासाठी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी वर्षे खर्ची घातली आहेत.

प्रथम गाळाचा स्वभाव पाहू. वाळूचा बारीक कण, समजा मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा, स्थिर पाण्यात सोडला तर मीटरभर अंतर मिनिटाच्या आत खाली जातो. चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या पाचशेाव्या हिश्श्याएवढा असला, तर त्यास तेवढ्याच अंतराला तीन दिवस लागतात. या हिशेबाने वाळू मुखाशी राहावी आणि चिकणमाती दूर समुद्रात निघून जावी. पण तसे होत नाही. का होत नाही, हे घरी पाहता येते. दोन पेल्यांत सारखेच गढूळ पाणी घ्या; एकात दोन चमचे मीठ घालून दोन्ही ढवळा व ठेवून द्या. मिठाच्या पेल्यातले पाणी आधी निवळू लागेल. मातीच्या कणांवर सारख्या जातीचा विद्युत्भार असतो, म्हणून ते एकमेकांस दूर लोटतात. मिठाने त्या लोटण्याचा जोर कमी होतो, कण एकमेकांस चिकटतात, त्यांचे पुंजके बनतात आणि पुंजके लवकर खाली बसतात. जिथे गोड्या पाण्यास खारे पाणी भेटते तिथेच गाळाचे ठाणे का पडते, याचे एक कारण हे.

दुसरे कारण वजनाचे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा लिटरमागे सुमारे २५ ग्रॅम जड असते. त्यामुळे भरती-ओहोटीचे हेलकावे वजा केले, तर पुष्कळ खाड्यांत वरचे पाणी समुद्राकडे आणि तळाचे पाणी नदीकडे सरकते असे आढळते. खाली बसलेला गाळ या तळच्या प्रवाहाच्या हाती सापडतो. तिसरे कारण भरतीचे. उथळ खाडीत भरती थोड्या वेळात जोराने चढते आणि ओहोटी संथपणे उतरते. मग भरतीने आत आणलेला सगळा गाळ ओहोटीस परत नेता येत नाही. पावसाळ्यातल्या पुराने हा हिशेब काही काळ उलटतो, हेही खरे.

म्हणूनच काठावरून वरचे पाणी पाहून अनुमान काढणे व्यर्थ. पृष्ठभाग, मध्य आणि तळ, तिन्ही ठिकाणचे नमुने व वेग घ्यावे लागतात. तेही एका संपूर्ण भरती-ओहोटीभर, म्हणजे सुमारे साडेबारा तास. आणि उधाणाला, भांगाला, पावसाळ्यात व उन्हाळ्यात निरनिराळे.

हे न केल्याने काय झाले, याचे नामांकित उदाहरण लंडनचे. थेम्स नदीतला गाळ उपसून, बोटींत भरून, बाहेरच्या मुखाशी नेऊन टाकीत. क्लॉड इंग्लिस व अॅलन यांनी त्या खाडीचा अभ्यास करून १९५७ साली निष्कर्ष मांडला, की टाकलेला गाळ तळच्या प्रवाहाबरोबर परत नदीत येतो. पुढे गाळ समुद्रात टाकण्याऐवजी तो काठच्या दलदलीच्या जमिनीवर पंपाने चढवू लागले. हे इंग्लिस आपल्याकडचेच म्हणावे लागतील. मुंबई इलाख्याच्या पाटबंधाऱ्यांत त्यांची उमेद गेली, आणि पुण्याच्या ज्या जलसंशोधन केंद्राचे काम आज खडकवासल्यास चालते, त्याचे ते १९४५ पर्यंत संचालक होते.

मुंबई बंदरातही १९५९ साली असाच शोध झाला. तुर्भ्याच्या अणुसंशोधकांनी किरणोत्सर्गी स्कँडियम असलेली काच गाळाच्या कणांइतकी बारीक दळून तळाशी सोडली, आणि बोटीतून मापक ओढून ती कुठे सरकते याचा माग काढला. या स्कँडियमचा किरणोत्सर्ग सुमारे ८४ दिवसांत निम्मा होतो. माग काढण्यास तेवढी मुदत पुरते आणि नंतर तो विरत जातो. जणू गाळाच्या हाती हजेरीचा बिल्लाच दिला!

खाडीबाहेर किनाऱ्यावर लाटांचे राज्य असते. लाट तिरपी आली की वाळू तिरपी वर चढते आणि उतारावरून सरळ खाली येते. असे पाऊल पाऊल करीत ती किनाऱ्याने चालत जाते. मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईस, ही वाळू एकंदरीत दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. १८७६ मध्ये तेथे बंदराच्या भिंती बांधू लागले आणि तिची वाट अडली. दक्षिणेस वाळू साचून मरीनाची पुळण रुंदावली. उत्तरेस रायपुरमकडचा किनारा मात्र समुद्र खात गेला. एका बाजूस नगराला फिरायला जागा मिळाली, दुसऱ्या बाजूस कोळ्यांच्या पायाखालची जमीन गेली. वाळू तीच, हिशेब मात्र दोन निराळ्या माणसांच्या नावे पडला.

आपल्या कोकणात हा हिशेब अजून उघडाच आहे. धरण वरची वाळू अडवते. खाडीत पूर्वी हातपाटीने, माणसाच्या दमाएवढी रेती निघे. सक्शन पंपास दम लागत नाही. जितकी येते त्याहून अधिक काढली, की तूट कुठून तरी भरून निघणारच: तळ खोल जातो, काठ ढासळतो, खारे पाणी आत चढते. पंपावरच्या मजुराला दोष देऊन यातून सुटका नाही. तो पोटासाठी उभा आहे. किती काढायचे हे तो ठरवीत नाही.

म्हणून आमचे श्रोत्यांस सांगणे एवढेच, की तुमच्या गावाजवळ धक्का, बांध वा उपसा होणार असे कळले, तर बांधकामाच्या खर्चाबरोबर गाळाचे मोजमापही मागा. ते कोणत्या ऋतूत केले, तळाशी केले की नाही, आणि उपसलेला गाळ टाकल्यावर कुठे जातो, हे विचारण्यास पदवी लागत नाही. पैसा लोकांचा आहे आणि उपसणारे हातही लोकांचेच आहेत. तेच काम त्या हातांकडून पुन्हा पुन्हा करवून घेणे, यास आम्ही रोजगार म्हणत नाही.