शासकीय खर्चाची तुलना : मॉरिशस आणि भूतान येथील माध्यमिक शिक्षण

प्रास्ताविक

एखादा देश शिक्षणावर किती खर्च करतो असे विचारले, की बहुधा एकच टक्केवारी सांगितली जाते. स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ४ ते ६ टक्के किंवा एकूण शासकीय खर्चाच्या १५ ते २० टक्के रक्कम शिक्षणासाठी असावी, असे मार्गदर्शक प्रमाण युनेस्कोच्या २०१५ च्या कृती-आराखड्यात दिलेले आहे. मात्र हे प्रमाण सर्व स्तरांवरील शिक्षणाचे आहे. माध्यमिक शिक्षणाचा भार प्रत्यक्षात कोण उचलतो, हे त्यावरून कळत नाही. दोन लहान देशांच्या उदाहरणांतून हा मुद्दा समजून घेऊ.

दोन देश, दोन व्यवस्था

मॉरिशस हे सुमारे २,००० चौरस किलोमीटरचे, दाट वस्तीचे बेटराष्ट्र आहे. तेथे १९७७ पासून माध्यमिक शिक्षण विनाशुल्क झाले. त्या वेळी बहुसंख्य विद्यार्थी खाजगी शाळांत शिकत होते. शासनाने त्या शाळांना अनुदान देण्याचा मार्ग स्वीकारला. महाराष्ट्रातील अनुदानित शाळांशी परिचित असलेल्या वाचकाला ही व्यवस्था अपरिचित वाटणार नाही. २००५ पासून विद्यार्थ्यांचा बसप्रवासही मोफत करण्यात आला.

भूतानचे क्षेत्रफळ सुमारे ३८,००० चौरस किलोमीटर असून लोकसंख्या आठ लाखांहून कमी आहे. आधुनिक शालेय शिक्षणाचा खरा विस्तार १९६१ च्या पहिल्या पंचवार्षिक योजनेनंतर झाला. २००८ च्या संविधानाने दहावीपर्यंतचे शिक्षण मोफत देण्याची जबाबदारी राज्यावर सोपवली. वस्ती डोंगरदऱ्यांत विखुरलेली असल्यामुळे अनेक मुलांना घरापासून दूर राहावे लागते. म्हणून वसतिगृह आणि भोजन हाही येथे शालेय खर्चाचाच भाग ठरतो.

टक्केवारीची मर्यादा

शिक्षणावरील शासकीय खर्चाचे स्थूल देशांतर्गत उत्पादनाशी असलेले प्रमाण भूतानमध्ये सामान्यतः मॉरिशसपेक्षा अधिक आढळते. परंतु त्यावरून भूतानमधील विद्यार्थ्याला अधिक मिळते, असा निष्कर्ष काढता येत नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘अ’ देशाचे उत्पादन १,००० कोटी रुपये आहे. त्यातील ३ टक्के, म्हणजे ३० कोटी रुपये, तो ६०,००० माध्यमिक विद्यार्थ्यांवर खर्च करतो. ‘ब’ देशाचे उत्पादन २,००० कोटी रुपये असून त्यातील २ टक्के, म्हणजे ४० कोटी रुपये, ४०,००० विद्यार्थ्यांवर खर्च होतात. ‘अ’ची टक्केवारी मोठी असली, तरी तेथे दरडोई खर्च ५,००० रुपये होतो आणि ‘ब’मध्ये १०,००० रुपये.

शिवाय ‘माध्यमिक’ या शब्दाची व्याप्तीही सारखी नसते. मॉरिशसमध्ये हा टप्पा सात वर्षांचा आहे, तर भूतानमध्ये सातवी ते बारावी असा सहा वर्षांचा. तसेच नव्या इमारतींवरील भांडवली खर्च एखाद्या वर्षी आकडा फुगवतो; शिक्षकांचे वेतन मात्र दरवर्षी द्यावेच लागते. म्हणून एकाच वर्षाच्या आकड्यावर विसंबून राहणे योग्य नव्हे.

ताळेबंदाबाहेरचा खर्च

मॉरिशसमध्ये शाळेचे शुल्क नसले, तरी खाजगी शिकवण्यांची प्रथा दृढ आहे. तो खर्च पालक करतात आणि शासकीय हिशेबात तो दिसत नाही. भूतानमध्ये दहावीला ठरावीक गुण न मिळालेल्या मुलांना अकरावीसाठी स्वखर्चाने खाजगी शाळेत जावे लागे. ज्या घराला ते परवडत नसे, तेथील मुलाचे शिक्षण दहावीतच थांबण्याची शक्यता असे. २०२० पासून दहावी उत्तीर्ण झालेल्या सर्वांसाठी शासकीय खर्चाने अकरावीचा मार्ग खुला करण्यात आला. अशा निर्णयाने शासनाचा खर्च वाढतो, परंतु त्यातील काही भाग पूर्वी कुटुंबेच सोसत होती. म्हणजे येथे एकूण खर्चाइतकाच तो सोसणाराही बदलला.

सारांश

तुलना करताना खर्चाचे उत्पादनाशी प्रमाण, दरडोई विद्यार्थी खर्च, टप्प्याची व्याप्ती आणि कुटुंबावर उरणारा भार या चारही बाबी एकत्र पाहाव्यात. शेवटची बाब वगळली, तर ‘मोफत शिक्षण’ या शब्दांचा अर्थ अपुराच राहतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. केवळ टक्केवारीवरून दोन देशांची तुलना का करता येत नाही?
२. आपल्या परिसरातील एका माध्यमिक विद्यार्थ्याच्या वार्षिक खर्चाची शासन आणि कुटुंब यांच्यात कशी विभागणी होते, ते लिहा.