१ मे १९६० म्हणजे उणे १४४८९

पोस्टग्रेसच्या टेबलात महाराष्ट्राच्या स्थापनेची तारीख भरा आणि मग डिस्कवर ती शोधा. ना १ सापडेल, ना मे, ना १९६०. तिथे असतो एकच आकडा: उणे १४४८९. हा डेटाबेस १ जानेवारी २००० पासून दिवस मोजतो, आणि आपलं राज्य त्याच्या तेवढे दिवस आधी जन्मलं. सगळं चार बाइटांत मावलं! हेच चार बाइट साधा पूर्णांक म्हणून वाचले, तर उणे १४४८९ एवढंच हाती लागतं. आपण तारीख आहोत याचा त्या बाइटांना पत्ताही नसतो. कोणत्या कॉलमात काय आहे, याची नोंद कॅटलॉग नावाच्या वेगळ्याच टेबलांत असते.

मजकुराची तऱ्हा आणखी न्यारी. ‘मराठी’ आपल्या लेखी तीन अक्षरं. युनिकोड मात्र काना आणि वेलांटी सुटी मोजतो, म्हणून चिन्हं पाच. यूटीएफ-८ मध्ये दर चिन्हाला तीन बाइट, म्हणजे १५; त्यांच्या आधी लांबी सांगणारा एक. झाले १६. कॉलमला तीनच अक्षरांची मर्यादा घातली असेल, तर पोस्टग्रेस ‘मराठी’ चक्क नाकारतो.

पैशांच्या बाबतीत तो फार काटेकोर. ०.१ हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमका लिहिताच येत नाही. म्हणून न्यूमरिक प्रकारात आकडे चार-चारच्या गटांनी ठेवतात, दर गटाला दोन बाइट. १२३४५६७८ चे होतात १२३४ आणि ५६७८. आणि नल? त्याला जागाच नाही. ओळीच्या सुरुवातीला एक बिट सांगतो की इथे काही नाही.

मला सर्वांत नवल वाटतं ते रिकाम्या जागांचं. आठ बाइटांचा बिगइंट आठने भाग जाणाऱ्या ठिकाणीच सुरू व्हावा लागतो. प्रोसेसरला तसं वाचणं सोपं जातं. त्यामुळे एका बाइटाच्या बूलियननंतर बिगइंट आला, की मधले सात बाइट वाया. बूलियन, बिगइंट, पुन्हा बूलियन, बिगइंट अशा क्रमाला ३२ बाइट लागतात. दोन्ही बिगइंट आधी घेतले, तर शेवटच्या भरतीसकट २४. दहा कोटी ओळींत हा फरक ८० कोटी बाइटांचा! तेव्हा नवं टेबल बांधताना आठ बाइटांचे कॉलम आधी लिहा.