भिलाईची सरासरी

दरडोई उत्पन्न म्हणजे एकूण उत्पन्नाला लोकसंख्येने भागून येणारा आकडा. तो देशांच्या तुलनेसाठी सोयीचा असला, तरी कोणाच्या ताटात किती पडले हे त्या भागाकारात पुसले जाते. समजा, नऊ मजुरांची रोजी ३०० रुपये आणि दहाव्याची ३३०० रुपये असेल, तर सरासरी ६०० भरते. परंतु मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडलेल्या आकड्यांतील मधले मूल्य, ३०० च राहतो.

१९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झालेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात हा फरक जवळून दिसतो. येथे दीर्घकाळ अभ्यास केलेले मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी नोंदवले आहे की, कामगारांच्या बोलण्यात ‘नोकरी’ आणि ‘काम’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत: पहिलीत कायम पगार, नगरातील क्वार्टर आणि भविष्यनिर्वाह निधी येतो, तर दुसऱ्यात ठेकेदार नेईल तेथली आणि नेईल तेवढ्याच दिवसांची मजुरी. भट्टीची धग मात्र दोघांना सारखीच लागते! नगरातील सेक्टरांच्या रुंद, झाडीच्या रस्त्यांवरून पाहणाऱ्याला जो देश सुस्थित वाटतो, तोच ठेका मजुराच्या वस्तीतून पाहणाऱ्याला दरिद्री वाटतो, आणि दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो.

ज्या दल्ली राजहराच्या खाणींनी या भट्ट्यांना लोहखनिज पुरवले, तेथील, सरासरीत असेच पुसल्या जाणाऱ्या ठेका मजुरांनी कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली वर्गणी आणि श्रमदान करून १९८३ मध्ये स्वतःचे शहीद रुग्णालय उभारले.